सिसिलीला निघालात? तिथल्या खाण्यापिण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सिसिलीची तिकिटं काढली की ओळखीतल्या कुणाचा तरी मला फोन येतो. मी इटलीच्या त्या बेटावर चारदा जाऊन आले आहे. त्यातले पंधरा दिवस पालेर्मो शहरात स्वयंपाकघरासह भाड्याने घेतलेल्या घरात राहिले, रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जात होते. फोनवर प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

सिसिलीचं खाणं म्हणजे पिझ्झा-पास्ताच ना?

पास्ता आहेच, आणि फार जुना आहे. अल-इद्रीसी या भूगोलकाराने 1154 साली लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात वाळवलेल्या शेवया बनतात आणि जहाजांतून दूरदूर जातात. पण सिसिलीची चव समजायला त्याच्याही मागे जायला हवं. 827 मध्ये अरब या बेटावर उतरले. ऊस, आंबट संत्री, लिंबू, तांदूळ आणि बागेला पाणी देण्याची कला त्यांच्याबरोबर आली. पुढे नॉर्मन आले, स्पॅनिश आले, प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलं. इटालियन भाषेत साखरेला झुक्केरो म्हणतात. तो शब्द अरबी सुक्करवरून आला आणि त्याचं मूळ आपल्या शर्करेत आहे. संत्र्याला अरांचा म्हणतात, त्याच्या मुळाशी आपलं नारंग आहे. म्हणून तिथे आंबटगोड भाजीत बेदाणे निघाले किंवा भातात केशर दिसलं तर दचकू नका. हा त्यांचा मूळचा स्वयंपाक आहे.

कोणत्या महिन्यात गेलं तर सगळं खायला मिळेल?

सगळं कधीच मिळणार नाही, आणि माझ्या मते हीच सिसिलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. आपल्याकडे तिळगूळ संक्रांतीचा, पुरणपोळी होळीची, तसं तिथलं गोडधोड पंचांगाला बांधलेलं आहे. बारा महिने काचेच्या कपाटात काही ना काही असतंच, पण ज्या पदार्थाचा जो दिवस, त्या दिवशी तो अख्ख्या शहरात होतो आणि तेव्हाच त्याची खरी चव कळते. म्हणून मला कुणी ‘काय खाऊ?’ असं विचारलं की मी आधी ‘कोणत्या तारखेला आहात?’ असं विचारते.

13 डिसेंबरला सांता लुचिया या संतिणीचा दिवस. त्या दिवशी पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य! आख्यायिका अशी, की 1646 च्या दुष्काळात गव्हाने भरलेलं गलबत बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळत बसण्याइतकाही धीर न धरता गहू तसाच शिजवून खाल्ला. त्याची आठवण म्हणून कुच्चिया करतात. गहू दोन-तीन दिवस भिजवायचा, मऊ शिजवायचा, मग त्यात मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता (मऊ, ताज्या पनीरासारखा), साखर, चॉकलेटचे तुकडे आणि साखरेत मुरवलेली फळं घालायची. कोल्हापूर-सांगलीकडची खपली गव्हाची खीर खाल्लेल्या माणसाला पहिल्याच चमच्याला ओळख पटते. दाताखाली येणारा तो गव्हाचा दाणा अगदी तोच.

3 ते 5 फेब्रुवारी कातानियात सांत आगाताचा उत्सव असतो. तेव्हा पांढऱ्या आयसिंगचे, वर लाल चेरी लावलेले छोटे घुमट मिळतात. या संतिणीचे स्तन कापून तिचा छळ केला गेला, त्याचं ते स्मरण. दिसायला गोजिरे आहेत, पण तिथले लोक ते भक्तिभावाने खातात, आपणही तसेच खावेत. 19 मार्चला सान ज्युझेप्पेचे स्फिन्ची, म्हणजे तळलेल्या फुगीर गोळ्यांवर रिकोत्ता. ईस्टरला कसाता. जुलै-ऑगस्टमध्ये पालेर्मोत जेलो दी मेल्लोने, म्हणजे कलिंगडाचा रस स्टार्च घालून आटवून थंड केलेला, त्याला जाई-चमेलीचा वास आणि बियांच्या जागी चॉकलेटचे कण. 2 नोव्हेंबरचं पुढे येईलच. नाताळात अंजीर भरलेली बुच्चेल्लाती आणि तिळाची वडी. तिळाला सिसिलियन भाषेत जुज्जुलेना म्हणतात, हा शब्दही अरबीच. मध-साखरेच्या पाकातली ती वडी मी तोंडात टाकली तेव्हा आईच्या हातची संक्रांत आठवून डोळ्यांत पाणी आलं.

कानोली आपल्याकडेही मिळतात आता. तिथल्यात एवढं काय?

कानोली म्हणजे गोड रिकोत्ता भरलेल्या तळलेल्या नळ्या. तिथल्यात दोन गोष्टी आहेत, रिकोत्ता आणि वेळ.

रिकोत्ता मेंढीच्या दुधाचा हवा. चीज करून उरलेली निवळी पुन्हा तापवली की मऊ पांढरा गोळा वर येतो, तो रिकोत्ता. तो निथळून, साखर घालून, बारीक चाळणीतून गाळतात तेव्हा त्याला लोण्यासारखा गुळगुळीतपणा येतो. हिवाळ्यात आणि वसंतात डोंगर हिरवे असतात, मेंढ्या चरून तृप्त असतात, म्हणून तेव्हाचा रिकोत्ता सगळ्यात चांगला. ऑगस्टच्या उन्हाळ्यात चाखलेल्या कानोलोवरून (कानोलीचं एकवचन) मत बनवू नका.

दुसरी गोष्ट वेळ. वरची नळी मैद्याच्या पिठात वाइन घालून, पातळ लाटून, नळीवर गुंडाळून तळलेली असते. पूर्वी वेताच्या तुकड्यावर गुंडाळत, काना म्हणजे वेत, त्यावरून हे नाव. या नळीवर चिरोट्यासारखे फोड येतात आणि ती चावताना कडकडून मोडायला हवी. रिकोत्ता भरून तासभर ठेवला की ती नरम पडते. पियाना देग्ली आल्बानेझी या गावात एका दुकानात मी कानोलो मागितला, तर बाईंनी रिकामी नळी उचलली, लाकडी उलथन्याने आधी एका तोंडाने, मग दुसऱ्या तोंडाने रिकोत्ता चेपला, कडा साफ केल्या, एका टोकाला संत्र्याच्या सालीची मुरवलेली फीत टेकवली आणि वरून पिठीसाखर भुरभुरली. सगळं मिळून अर्धा मिनिट. दुकानात शिरल्यावर एवढंच विचारा: ‘रिएम्पीती आल मोमेन्तो?’ म्हणजे ‘आत्ता भरून देता का?’ आधीच भरून मांडलेले असतील तर पुढच्या दुकानात जा. परतीच्या प्रवासात एकदा मी तसेच भरून ठेवलेले घेतले होते. नळी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कसाता म्हणजे आपलं कसाटा आइस्क्रीमच ना?

नाव तेच, पदार्थ वेगळा. लग्नाच्या जेवणात आपल्याला मिळायची ती तीन रंगांची आइस्क्रीमची फोड विसरा. सिसिलीची कसाता हा केक आहे. उतरत्या कडांच्या गोल भांड्यात कडेने हिरव्या मार्झिपानचे (बदाम-साखरेच्या मऊ गोळ्याचे) आणि स्पंज केकचे तुकडे लावतात, आत गोड रिकोत्ता भरतात, उलटं करून वर पांढऱ्या साखरेचा लेप देतात आणि अख्खी मुरवलेली फळं मांडतात. संत्रं, नासपती, भोपळ्याच्या पट्ट्या. नाव अरबी कसआ, म्हणजे वाडगा, यावरून आल्याचं सांगतात. अतिशय गोड असते. चौघांत एक तुकडा घ्या, बरोबर साखर न घातलेली कॉफी घ्या, म्हणजे शेवटचा घासही पहिल्याइतकाच आवडेल.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. पण डोळे उघडे ठेवावे लागतील.

आधी चांगली बातमी. कापोनाता मागवा. वांग्याच्या तळलेल्या फोडी, सेलरी, कांदा, टोमॅटो, हिरवे ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या), आणि त्यात व्हिनेगर-साखरेची आंबटगोड चव. गरम देत नाहीत, थंड झालेली खायची. दुसऱ्या दिवशी आणखी मुरते. कातानियात पास्ता आल्ला नोर्मा खा: तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीतली बेसिलची पानं आणि वरून किसलेला खारवलेला रिकोत्ता. विन्चेन्झो बेल्लिनी हा संगीतकार कातानियाचा. त्याच्या 1831 च्या ‘नोर्मा’ या ऑपेराचं नाव या पास्त्याला मिळालं आहे.

आणि पालेर्मोत पानेल्ले. हा पदार्थ आपल्यासाठीच केलाय असं वाटतं. बेसन, पाणी, मीठ. गुठळी होऊ न देता सतत ढवळत शिजवायचं, पार्सली घालायची, गरम असतानाच पातळ पसरायचं, थंड झालं की कापून तळायचं. तळण्याआधीपर्यंत ही आपली सुरळीची वडीच आहे! तिळाच्या पावात चार-पाच पानेल्ले घालून देतात, वर लिंबू पिळायचं. सोबत काझ्झिल्ली, म्हणजे बटाट्याचे लांबट वडे, त्यात पुदिना. दुपारी बारा वाजता बाल्लारोच्या बाजारात उभ्याउभ्या हे खाताना शेजारी गवंडी असतात, शाळकरी मुलं असतात. वडापावची गाडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

आता सावधगिरी. तिथे बऱ्याच पिठांत स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी घालतात. कानोलीची नळी, ब्रिओश (मऊ गोडसर पाव), तळलेले गोड पदार्थ, सगळीकडे ती असू शकते. कडक शाकाहारी असाल तर ‘चे स्त्रुत्तो?’ असं स्पष्ट विचारा, लोक खरं सांगतात, कुणी नाक मुरडत नाही. स्फिन्चोने हा जाड, लुसलुशीत पावासारखा पिझ्झा कांदा-टोमॅटोचा दिसतो, पण त्यात खारवलेले बारीक मासे असतात. आणि आरान्चीना (सारण भरून तळलेला भाताचा गोळा) ‘आल बुर्रो’, म्हणजे लोण्याची, हे नाव ऐकून फसू नका. तिच्यात हॅम असतं. माझ्या मावशीने आयुष्यात मांस खाल्लं नव्हतं. तिने विश्वासाने तीच मागितली आणि पहिल्या घासाला गुलाबी तुकडा दिसला. त्या दिवशी ती पुढे काही जेवली नाही. मी आधी विचारायला हवं होतं, म्हणून हे इथे ठळकपणे सांगते आहे.

गोमांस टाळणाऱ्यांसाठीही: आरान्चीनाच्या रागूत (खिम्याच्या रश्श्यात) आणि साध्या खिम्यात गोमांस असतंच असं धरून चाला.

अंडं चालत नसेल तर?

मार्तोराना (फक्त बदाम आणि साखर), ग्रानिता (गोठवलेलं सरबत), कलिंगडाचं जेलो, मोदिकाचं साधं चॉकलेट, तिळाची वडी. कसाता आणि ब्रिओश नाही.

आरान्चीना म्हणायचं की आरान्चीनो?

पालेर्मोत ती, कातानियात तो. पालेर्मोत संत्र्यासारखी गोल, म्हणून इटालियनमधल्या संत्र्यासारखीच स्त्रीलिंगी. कातानियात बहुतेकदा वर टोक असलेला, एटना ज्वालामुखीसारखा. केशरी भाताच्या गोळ्यात सारण भरून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. या लिंगभेदावरून दोन्ही शहरं इतकी भांडली, की 2016 मध्ये इटालियन भाषेच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेनं दोन्ही रूपं चालतील असं सांगितलं. वाद काही मिटला नाही. तुम्ही ज्या शहरात आहात तिथलं रूप वापरा, काउंटरवरचा माणूस खूश होतो. शाकाहारींना कातानियात वांगं-टोमॅटोचा ‘आल्ला नोर्मा’ मिळतो, पालेर्मोत पालकाची विचारून बघा. भात मांसाच्या पाण्यात शिजवलेला नाही ना, तेही विचारा.

सकाळी नाश्त्याला बर्फ? खरंच?

खरंच, आणि उन्हाळ्यात त्यासारखं सुख नाही. ग्रानिता म्हणजे आपला बर्फाचा गोळा नव्हे. गोळ्यात आधी बर्फ, मग सरबत. इथे सरबतच ढवळत ढवळत गोठवतात, त्यामुळे प्रत्येक कणात चव असते. पूर्वी एटनावरचा बर्फ हिवाळ्यात खड्ड्यांत दाबून साठवत आणि उन्हाळ्यात तो शहरात आणून विकत. ते काम करणाऱ्यांना निवारोली म्हणत.

बदाम, लिंबू, पिस्ता, तुती. मेस्सीनात कॉफीची, वर फेटलेली साय. सोबत ब्रिओश, डोक्यावर अंबाडा असलेली. अंबाडा आधी तोडायचा, ग्रानितात बुडवायचा. पूर्व किनाऱ्यावर, कातानिया-मेस्सीना भागात, ही सगळ्यात चांगली मिळते. माझी पसंती बदामाच्या ग्रानिताला. दुधाचा थेंब नसताना ती दुधाळ लागते. तुतीच्या मोसमात असाल तर मात्र तुतीच घ्या, आणि पांढरा कुडता घालू नका.

रस्त्यावरचं खाणं पचेल का? स्वच्छ असतं का?

मी आणि माझ्याबरोबरचे कुणीही आजारी पडलो नाही. गर्दी असेल तिथे खा, डोळ्यांदेखत तळून देतील ते खा.

पालेर्मोत स्फिन्चोने विकायला तीनचाकी टेम्पो फिरतात. त्यांना तिथे लापा म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं तर पियाजिओची आपे! आपल्या गावागावांत धावणारी ॲपे रिक्षा तीच. पियाजिओचा कारखाना आपल्या बारामतीत आहे. फक्त पालेर्मोत तिच्या मागच्या भागात माणसांऐवजी परातभर स्फिन्चोने असतो.

मांसाहारींसाठी पाने का मेउसा. वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून, कापून, चरबीत परतून पावात भरतात. नुसतं लिंबू पिळलेला तो ‘अविवाहित’, रिकोत्ता आणि चीज घातलेला ‘लग्न झालेला’, अशी चक्क नावं आहेत. तुम्हाला कलेजी आवडत असेल तर नक्की खाऊन बघा. स्तिग्घ्योला म्हणजे कोळशावर भाजलेली कोकराची आतडी. धूर लांबूनच रस्ता दाखवतो.

मासे खाणाऱ्यांनी काय चुकवू नये?

पास्ता कॉन ले सार्दे. ताजी तारली, रानबडीशेपेचा शेपूसारखा पाला, बेदाणे, चिलगोजे, केशर आणि वरून चीजऐवजी भाजलेला पावाचा चुरा. ज्यांना चीज परवडत नसे त्यांचं ते चीज. आज श्रीमंतांच्या ताटातही चुराच असतो, कारण चव त्यालाच आहे. तारलीचाच दुसरा पदार्थ सार्दे आ बेक्काफीको. बेक्काफीको हा छोटा पक्षी. उमराव तो भरून खात, गरिबांनी त्या पद्धतीने तारली भरली. त्रापानीकडे गेलात तर माशाच्या रश्श्यातला कुस्कुस खा, समुद्रापलीकडच्या ट्युनिशियाशी असलेलं नातं ताटातच दिसतं. तारली-बांगड्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला या बेटावर परकं वाटणार नाही.

कातानियाचा मासळीबाजार सकाळी लवकर बघा, रविवारी जाऊ नका.

मुलांना काय आवडेल?

फ्रुत्ता मार्तोराना. बदामाच्या मार्झिपानची फळं, हाताने रंगवलेली. पीचवरची लव, अंजिराची फुटलेली साल, पेरूएवढ्या लिंबावरचे बारीक खड्डे, सगळं हुबेहूब. पालेर्मोच्या मार्तोराना मठातल्या जोगिणींनी, पाहुणे येणार म्हणून ओसाड झाडांवर ही फळं टांगली, अशी गोष्ट सांगतात. खरी वेळ 2 नोव्हेंबरची. त्या दिवशी घरातली गेलेली माणसं रात्री येऊन मुलांसाठी खाऊ आणि खेळणी ठेवून जातात, असा सिसिलीत समज आहे. मुलं पहाटे उठून घरभर शोधतात. आपण पितरांसाठी पान वाढतो, तिथे पितर नातवंडांसाठी खाऊ आणतात! मला हे फार आवडलं. गोव्यात नाताळात काजूचं मार्झिपान खाल्लं असेल तर चव ओळखीची वाटेल.

जोगिणींच्या पाककृती चाखायच्या असतील तर पालेर्मोत सांता कातेरिना मठातल्या दुकानात जा, किंवा डोंगरावरच्या एरिचे गावात. तिथे मारिया ग्रामातिको यांनी लहानपणी मठात शिकलेल्या मिठाया पुढे स्वतःच्या दुकानातून जगभरच्या लोकांना खिलवल्या. गरम जेनोवेझी, आत कस्टर्ड, वर पिठीसाखर. थंड झाल्यावर खाऊ नका.

बारमध्ये पैसे कसे द्यायचे?

बार म्हणजे कॉफीचं दुकान. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे आणि पावती काउंटरवर दाखवायची. उभं राहून प्यायलं तर स्वस्त, टेबलावर बसलं तर महाग. रेस्टॉरंटच्या बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, तो पाव आणि टेबलाचा आकार, फसवणूक नव्हे. रात्रीचं जेवण आठच्या आत मिळेल अशी आशा धरू नका. आणि आलं घातलेला दुधाचा चहा कुठेही नाही, पावडर बरोबर न्या.

घरी काय आणावं?

ब्रोन्तेचे पिस्ते. एटनाच्या लाव्ह्याच्या खडकात ही झाडं वाढतात, पीक एक वर्षाआड, विषम वर्षांत निघतं. साल जांभळट, आत पाचूसारखा हिरवा. महाग असतात आणि नावाचा गैरवापर खूप होतो, म्हणून पाकिटावर युरोपीय मानांकनाची लाल-पिवळी मुद्रा बघा. पिस्त्याचं क्रीम घेताना पिस्ता किती टक्के आहे ते वाचा. अनेक बाटल्यांत साखर आणि तेलच जास्त असतं.

मोदिकाचं चॉकलेट. कमी तापमानावर करतात, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली करकरते. दालचिनीचं घ्या. 2018 साली त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्याशिवाय पान्तेल्लेरिया बेटाचे मिठातले केपर्स, ओरेगानोची वाळलेली जुडी, मार्तोरानाची फळं. कानोलीच्या रिकाम्या नळ्या मिळतात, पण मेंढीचा रिकोत्ता इथे कुठून आणणार? त्या तिथेच खाऊन या.

इतकं खाल्ल्यावर पोटाचं काय?

कातानियात चौकाचौकांत छोटी गोल टपरी असते, तिला क्योस्को म्हणतात. तिथे ‘सेल्त्झ लिमोने ए साले’ मागा. टपरीवाला दोन लिंबं दाबून पिळतो, चमचाभर मीठ टाकतो, वरून जोरदार सोडा सोडतो. फेस काठावर येतो. तिथल्या तिथे, उभ्याने, एका दमात प्यायचं. खारा लिंबू सोडाच तो. रात्री अकरा वाजता माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, त्यांनी रिकामा पेला ठेवला, एक मोठी ढेकर दिली आणि माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलावली. मीही डोलावली.